विमान आणि टॉवर एकमेकांशी काय बोलतात?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर, ध्वनिमुद्रणावरून)



पत्रिकेत माझ्या नावापुढे 'निवृत्त हवाई वाहतूक नियंत्रक' असं छापलंय. सकाळपासून चौघांनी विचारलं, "म्हणजे तू विमान चालवायचास?" नाही. विमान वैमानिक चालवतो. आम्ही जमिनीवर, टॉवरच्या काचेमागे किंवा अंधाऱ्या खोलीत रडारच्या पडद्यासमोर बसायचं आणि त्याला सांगायचं: किती उंचीवर ये, कुठे वळ, कधी उतर, कधी थांब. आमच्या हातात स्टिअरिंग नाही, ब्रेक नाही. जे काही करायचं ते तोंडाने आणि कानाने. संयोजकांनी मला 'माझे क्षेत्र, माझे अनुभव' असा विषय दिला होता. त्यातलं बाकीचं बाजूला ठेवून मी आज फक्त या बोलण्याबद्दल सांगणार आहे. त्याला एक कारण आहे, ते पुढे येईल.

उन्हाळ्यात गच्चीवर झोपलं की आपल्या गावावरून लुकलुकत जाणारी विमानं दिसतात. मुंबईहून दक्षिणेला निघालेली किंवा तिकडून परतणारी. वरून त्यांना गडहिंग्लज म्हणजे हिरण्यकेशीच्या काठचे मूठभर दिवे. त्या वेळी तिथे कोणीतरी मुंबई कंट्रोलशी बोलत असतं, आणि थोड्या वेळाने त्याला सांगितलं जातं की आता चेन्नई कंट्रोलशी बोल. एका माणसाच्या हातून दुसऱ्याच्या हाती विमान सोपवलं जातं, तेही शब्दांनीच.

एक साधा प्रसंग घेऊ. आपल्या उजळाईवाडीला विमान उतरतंय. हा विमानतळ छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातला, १९३९ सालचा. तिथल्या धावपट्टीचं एक टोक ०७ आणि दुसरं २५. हे आकडे म्हणजे होकायंत्राचे अंश, शेवटचं शून्य काढून टाकलेले. पश्चिमेकडे तोंड करून उतरताना विमानाची दिशा साधारण अडीचशे अंश असते, म्हणून 'टू फाइव्ह'. विमानाचं नाव आपण व्ही-टी-ए-बी-सी धरू. व्ही-टी ही भारतात नोंदलेल्या सगळ्या विमानांच्या नावाची सुरुवात. टॉवर म्हणतो:

"व्हिक्टर टँगो अल्फा ब्राव्हो चार्ली, विंड टू सिक्स झिरो डिग्रीज, एट नॉट्स, रनवे टू फाइव्ह, क्लिअर्ड टू लँड."

वैमानिक म्हणतो:

"रनवे टू फाइव्ह, क्लिअर्ड टू लँड, व्हिक्टर टँगो अल्फा ब्राव्हो चार्ली."

झालं. एवढंच. यात 'प्लीज' नाही, 'थँक्यू' नाही, 'आम्ही आता येतोय बरं का' नाही. आपल्याकडचे वैमानिक आणि नियंत्रक पहिल्यांदा संपर्क झाला की 'नमस्कार' म्हणतात. कडक शिस्तीचे लोक त्यालाही नाकं मुरडतात. मला ते आवडतं. अर्धा सेकंद जातो, पण पलीकडे माणूस आहे हे कळतं. मात्र नमस्कार झाला की पुढचा प्रत्येक शब्द ठरलेला.

मघाच्या संवादात खरं काम कुठे आहे पाहा. टॉवरने परवानगी दिली, ते अर्धं काम. वैमानिकाने धावपट्टीचा आकडा आणि परवानगी आपल्या तोंडाने परत म्हटली, याला 'रीडबॅक' म्हणतात. आणि तिसरी गोष्ट, जी कोणाला दिसत नाही: नियंत्रकाने ते परत म्हटलेलं कान देऊन ऐकलं, बरोबर आहे की चूक ते तपासलं. सांगणं, परत म्हणणं आणि परत म्हटलेलं ऐकणं, अशा तीन कड्या झाल्या की एक वाक्य पुरं होतं. धावपट्टीवर येणं, ती ओलांडणं, तिच्या अलीकडे थांबणं, उड्डाण, उतरणं, उंची, दिशा, वेग, हवेचा दाब, रडारसाठी दिलेला चार आकडी संकेत, हे सगळं परत म्हणावंच लागतं. नुसतं 'ओके' चालत नाही.

आपल्या एसटीत अशीच एक भाषा होती. कंडक्टरची एक घंटी म्हणजे थांब, दोन घंट्या म्हणजे चल. ड्रायव्हर मागे वळून 'काय म्हणालास?' विचारत नाही. गाडी खच्चून भरलेली असो, पोरं रडत असोत, घंटीचा अर्थ तोच. दोन्हीत फरक एवढाच की एसटीचा ड्रायव्हर घंटी परत वाजवून दाखवत नाही.

आता त्या भाषेतले काही शब्द. हिंदी सिनेमामुळे सगळ्यांना 'रॉजर' माहीत आहे. 'रॉजर' म्हणजे 'हो' असं सगळ्यांना वाटतं. तसं नाही. 'रॉजर' म्हणजे तुमचं शेवटचं बोलणं मला पूर्ण ऐकू आलं, बस्स. मान्य आहे का, करणार आहे का, यातलं काहीच त्यात नाही. 'ऐकलं आणि तसं करतो' याला वेगळा शब्द आहे, 'विल्को'. होकाराला आणखी वेगळा, 'अफर्म'. पूर्वी 'अफर्मेटिव्ह' म्हणत. पण नकाराचा शब्द 'निगेटिव्ह', आणि खरखरीत आवाजात सुरुवात तुटली तर दोन्ही शब्दांचं शेपूट एकच. म्हणून होकाराचं शेपूट कापून टाकलं. ऐकू आलं नाही तर 'से अगेन'. थांबा म्हणायचं तर 'स्टँडबाय', आणि त्याचा अर्थ फक्त थांबा एवढाच. परवानगी मिळाली असाही नाही, नाकारली असाही नाही. जमत नसेल तर 'अनेबल'.

आपल्या घरात आणि कचेरीत या सगळ्या गोष्टींना आपण एकच शब्द वापरतो, 'हं'. किंवा आपल्याकडचं 'व्हय, व्हय'. त्याचा अर्थ ऐकलं, समजलं, पटलं, करतो, आणि ऐकलंच नाही, यातला कुठलाही असू शकतो. आणि दुसरा आपला लाडका शब्द, 'बघतो'. सरकारी कचेरीतल्या 'बघतो'चा अर्थ लावायला माणसाला अर्धं आयुष्य लागतं. आकाशात 'बघतो' चालत नाही.

आकड्यांचं तर वेगळंच प्रकरण. आपली मराठी आकड्यांच्या बाबतीत फार श्रीमंत आणि म्हणून फार धोक्याची. दीड, अडीच, पावणेदोन, साडेतीन. त्यात पंचवीस म्हणजे आधी पाच मग वीस, उलटं. एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यात गडबडणारे आजही या सभागृहात असतील. फोनवर 'सात' म्हटलं की पलीकडे 'साठ' ऐकू येतं. म्हणून फोन नंबर सांगताना आपणही एकेक आकडा सुटा सांगतो. आकाशात तेच करतात, आणि वर उच्चारही ठरवून दिले आहेत. 'थ्री'चा 'ट्री', 'फोर'चा 'फोवर', 'फाइव्ह'चा 'फाइफ', 'नाइन'चा 'नाइनर'. जर्मन भाषेत 'नाइन' म्हणजे 'नाही', आणि इंग्रजीतले 'फाइव्ह' आणि 'नाइन' खरखरीत सारखेच वाटतात. मघाशी मी कोल्हापूरच्या धावपट्टीला 'फाइव्ह' म्हणालो ते आपल्या सोयीसाठी. अक्षरांसाठी अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही यादी १९५६ पासून जगभर चालते. आपण फोनवर 'घ घराचा, ध धनुष्याचा' म्हणतो, तसंच.

आता तुम्ही म्हणाल, एवढा काटेकोरपणा कशाला? वैमानिक काय शाळकरी मुलं आहेत का? एक उदाहरण देतो. १९ फेब्रुवारी १९८९. क्वालालंपूरच्या जुन्या सुबांग विमानतळावर सिंगापूरहून मालवाहू जंबो जेट येत होतं, फ्लाइंग टायगर कंपनीचं. नियंत्रकाने सांगितलं, 'डिसेंड टू फोर झिरो झिरो'. त्याच्या मनात दोन हजार चारशे फूट. पहिला 'टू' हा आकडा. वैमानिकांनी तो 'टू' म्हणजे 'पर्यंत' असा घेतला: चारशे फुटांपर्यंत खाली या. वैमानिकाने परत म्हटलं, "ओके, फोर झिरो झिरो." म्हणजे दुसरी कडी झाली होती. चूक तोंडातून बाहेर पडली होती, हवेत होती. तिसरी कडी निसटली. ती चूक कोणी पकडली नाही. विमान टेकडीवर आदळलं, आतले चौघेही गेले. एक 'टू'. म्हणून आता उंची सांगताना 'टू थाउजंड फोर हंड्रेड फीट' असं हजार आणि शंभर तोडून, मापाचं नाव जोडून सांगायचं.

आता टेनेरिफ. हे नाव आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात ऐकावं लागतं. कॅनरी बेटांवरचा हा विमानतळ. तारीख २७ मार्च १९७७. शेजारच्या बेटावर बॉम्बस्फोट झाल्यामुळे सगळी विमानं इकडे वळवलेली, गर्दी झालेली, त्यात धुकं. डच कंपनीचं जंबो धावपट्टीच्या टोकाला उभं, आणि अमेरिकेच्या पॅन ॲमचं जंबो त्याच धावपट्टीवरून समोरून चालत येतंय. दोघे एकमेकांना दिसत नाहीत, आणि टॉवरला दोघेही दिसत नाहीत. डच सहवैमानिक म्हणाला, "वुई आर नाऊ ॲट टेक-ऑफ." याचा अर्थ काय? टॉवरला वाटलं, उड्डाणाच्या जागी उभे आहेत. प्रत्यक्षात विमान धावायला लागलं होतं. टॉवर म्हणाला, "ओके", आणि जरा थांबून, थांबा, मी सांगतो. त्याच क्षणी पॅन ॲमचे वैमानिक घाबरून म्हणाले, आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत.

इथे यंत्राचा एक मुद्दा समजून घ्यायला हवा. विमानाच्या रेडिओवर एका वेळी एकानेच बोलायचं. बटण दाबलं की बोलता येतं, तेव्हा ऐकू येत नाही. एकाच वेळी दोघांनी बटण दाबलं तर इतरांना नुसती शिट्टी ऐकू येते. डच विमानात त्या शिट्टीत 'थांबा' विरलं आणि 'आम्ही धावपट्टीवर आहोत' हेही विरलं. स्वच्छ ऐकू आलं ते फक्त 'ओके'. ५८३ माणसं गेली. विमान वाहतुकीच्या इतिहासातला तो आजही सर्वांत मोठा अपघात. त्यानंतर जगभर नियम झाला की 'टेक-ऑफ' हा शब्द फक्त उड्डाणाची परवानगी देताना किंवा दिलेली परवानगी रद्द करतानाच उच्चारायचा. बाकी सगळीकडे 'डिपार्चर' म्हणायचं. आपल्याकडे देवघरातली वस्तू रोजच्या वापराला काढत नाहीत, तसा तो शब्द आता वेगळा ठेवला आहे.

आता आपल्या देशातली गोष्ट, आणि माझं मुख्य सांगणं इथे आहे. १२ नोव्हेंबर १९९६ ची संध्याकाळ. दिल्लीहून सौदी अरेबियन एअरलाइन्सचं जंबो निघालं, आत ३१२ माणसं, त्यांतले बहुसंख्य आखातात कामाला निघालेले आपले लोक. समोरून कझाकस्तानचं इल्यूशिन विमान दिल्लीला येत होतं, आत ३७. त्या काळी दिल्लीभोवतीचं बरंच आकाश हवाई दलासाठी राखीव होतं, आणि नागरी विमानांना येण्याजाण्याला मार्ग एकच. दोघांमध्ये अंतर ठेवायचं ते फक्त उंचीचं. सौदी विमानाला चौदा हजार फुटांवर थांबायला सांगितलं, कझाक विमानाला पंधरा हजारांवर. हजार फूट अंतर, नियमाप्रमाणे पुरेसं. त्या वेळचं दिल्लीचं रडार विमान कुठे आहे ते दाखवायचं, किती उंचीवर आहे ते दाखवत नव्हतं. उंची वैमानिकाने सांगायची आणि नियंत्रकाने विश्वास ठेवायचा.

कझाक विमानाने पंधरा हजारांवर आल्याचं सांगितलं. नियंत्रकाने सांगितलं, समोरून सौदीचं बोइंग येतंय, दिसलं की कळवा. किती मैलांवर, असा प्रश्न आला. चौदा मैल, असं उत्तर गेलं. मग पुन्हा, तेरा मैल, चौदा हजारांवर. चौदा मैल आणि चौदा हजार. आकडे बरोबर होते, त्यात नियंत्रकाची काहीही चूक नव्हती. पण भाषा कच्ची असलेल्या कानावर एकापाठोपाठ दोनदा 'वन फोर' पडलं, याचा विचार मी नोकरीभर करत आलो. त्यात या लोकांची सवय उंची मीटरमध्ये मोजायची. तिकडे कझाक विमान पंधरा हजारांवर थांबलंच नाही, खाली येत राहिलं. हरियाणात चरखी दादरीच्या आकाशात दोन्ही एकमेकांवर आदळली. ३४९ गेले. एकही वाचला नाही. शेतांत अवशेष पडले.

न्यायमूर्ती लाहोटी यांच्या आयोगाने चौकशी केली. निष्कर्ष स्पष्ट होता: कझाक विमान दिलेली उंची सोडून खाली आलं. कारणांमध्ये इंग्रजीचं अपुरं ज्ञान होतंच. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. त्या विमानात टॉवरशी वैमानिक बोलत नव्हते. त्यासाठी वेगळा रेडिओ ऑपरेटर होता. तो मागे बसलेला, त्याच्यासमोर उंची दाखवणारं यंत्र नाही. वैमानिकांच्या खांद्यावरून डोकावून बघायचं. त्याच्या तोंडून परत आलेलं बरोबर होतं. दिल्लीला ऐकू आलं ते बरोबर होतं. पण ज्याच्या हातात विमान होतं, त्याच्या डोक्यात ते पोहोचलं होतं का? शेवटच्या क्षणी रेडिओ ऑपरेटरच्याच लक्षात आलं आणि त्याने पंधरा हजार, पंधरा हजार, असं आपल्या लोकांना सांगितलं. विमान वर घ्यायला उशीर झाला होता.

म्हणजे शब्द बरोबर म्हणून दाखवणं पुरत नाही. ज्याने तो शब्द अमलात आणायचा, त्याने तो स्वतः ऐकलेला असावा लागतो. आपल्याकडे किती ठिकाणी निरोप असाच मधल्या माणसामार्फत जातो आणि मधला माणूस 'हो, सांगितलं' म्हणून मोकळा होतो, ते तुम्हीच पाहा.

या अपघातानंतर आपल्याकडे दोन मोठे बदल झाले. येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांचे मार्ग वेगळे केले. आणि दुसरं विमान जवळ आलं तर वैमानिकाला आपोआप 'वर जा', 'खाली जा' सांगणारं यंत्र सक्तीचं झालं. जगाच्या पातळीवर भाषेचा प्रश्न हाती घेतला गेला. आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेने इंग्रजीच्या सहा पातळ्या ठरवल्या, आणि मार्च २००८ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणांवरचे वैमानिक व नियंत्रक यांना किमान चौथी पातळी आवश्यक झाली.

इथे मला मुलांशी बोलायचं आहे. मागे दहावीची मुलं बसली आहेत, त्यांच्याशी. मघाशी दोघी-तिघी मुली भेटायला आल्या. त्यांनी विचारलं, "काका, आम्ही मराठी माध्यमाच्या. आम्हाला हे जमेल का? इंग्रजी फाडफाड येत नाही."

बाळांनो, ती चौथी पातळी काय म्हणते ते ऐका. तुमच्या उच्चारात मातृभाषेचा हेल असला तरी चालेल, समजायला फक्त कधीकधीच अडचण व्हावी. व्याकरणात चूक झाली तरी चालेल, अर्थ बिघडता कामा नये. अनपेक्षित प्रसंगी शब्द सापडला नाही तर दुसऱ्या शब्दांत सांगता यावं. आणि समजलं नाही तर विचारून, तपासून, खात्री करून घेता यावी. यात कुठेही 'फाडफाड' नाही. उलट ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे त्यांनाही बजावलं आहे की आपले वाक्प्रचार आणि घाई घरी ठेवून या. फाडफाड बोलणाऱ्याचा धोका मी पाहिलाय. त्याला ठरलेलं वाक्य कंटाळवाणं वाटतं. तो स्वतःचं काहीतरी छान वाक्य बनवतो. समोरच्याला ते छान वाक्य उलगडायला दोन सेकंद लागतात, आणि तेवढ्यात तिसऱ्याला बोलायचं असतं.

मग कोणी विचारतं, आपण आपल्या भाषेत का बोलू नये? फ्रान्समध्ये फ्रेंच वैमानिक फ्रेंचमध्ये बोलतात, नियमांत ते बसतं. पण २५ मे २००० ला पॅरिसला काय झालं? नियंत्रकाने एका फ्रेंच विमानाला उड्डाणाची परवानगी फ्रेंचमध्ये दिली आणि एका ब्रिटिश मालवाहू विमानाला इंग्रजीत धावपट्टीवर यायला सांगितलं. ब्रिटिश वैमानिकांना फ्रेंच कळलं असतं तर कोण धावत सुटलंय ते कळलं असतं. पंख आदळला, सहवैमानिक गेला. रेडिओवर आपण बोलतो एकाशी, पण ऐकतात सगळे, आणि ते ऐकत असतात म्हणून वाचतात. मला मराठीचा अभिमान कोणापेक्षा कमी नाही, पण ही जागा त्याची नाही. आपण सीमेवरची माणसं. बाजारात मराठी, संकेश्वरला कानडी, कचेरीत तिसरंच. कुठे काय बोलायचं हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही.

इंग्रजीपेक्षा मला आपल्या मुलांची दुसरीच काळजी वाटते, आणि ती संकोचाची. २५ जानेवारी १९९० ला कोलंबियाचं ॲव्हिआंका कंपनीचं बोइंग ७०७ न्यूयॉर्कला येत होतं. खराब हवामान, तासाहून जास्त वेळ घिरट्या घालायला लावल्या. इंधन संपत आलं. कॅप्टन आपल्या भाषेत सहवैमानिकाला सांगतोय, त्यांना सांग आपण संकटात आहोत. सहवैमानिक टॉवरला सांगतो, इंधन संपत आलंय, आम्हाला प्राधान्य हवं. पण 'मेडे' म्हणत नाही, 'इमर्जन्सी' म्हणत नाही. उतरायचा पहिला प्रयत्न फसल्यावर नियंत्रकाने लांबून फेरी मारायला सांगितली आणि विचारलं, इंधनाच्या दृष्टीने चालेल ना? उत्तर आलं, "आय गेस सो, थँक्यू व्हेरी मच." काही मिनिटांनी चारही इंजिनं बंद पडली. १५८ पैकी ७३ माणसं गेली. न्यूयॉर्कच्या त्या गर्दीत नियंत्रकाला इंधनाची तक्रार नेहमीचीच. एक ठरलेला शब्द तीन वेळा म्हटला असता तर आकाश रिकामं करून दिलं असतं.

तो शब्द 'मेडे'. फ्रेंचमधल्या 'मला मदत करा' या अर्थाच्या शब्दांवरून लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावर १९२० च्या दशकात तो घडवला गेला. तो उच्चारल्यावर कोणी विचारत नाही, खरंच का? नंतर शहानिशा होईल. आता तर इंधनासाठी 'मेडे फ्युएल' असा वेगळा शब्दप्रयोगच ठरवून दिला आहे, म्हणजे भिडस्त माणसालाही वळसा घालता येऊ नये.

आपण भिडस्त माणसं. सरांनी विचारलं "समजलं का?" की सगळा वर्ग म्हणणार "हो सर". सरांनाही माहीत की समजलेलं नाही. मोठ्या माणसाला 'पुन्हा सांगा' म्हणणं आपल्याकडे उद्धटपणात जमा होतं. माझ्या नोकरीत पहिल्या वर्षी नव्या मुलांना मी हेच शिकवायचो: 'से अगेन' म्हणताना आवाज खाली करायचा नाही.

एक प्रसंग सांगतो. विमानतळाचं नाव राहू द्या. पावसाळ्यातली संध्याकाळ, एकाच कंपनीची दोन विमानं माझ्याकडे, एकाचा क्रमांक १६३, दुसऱ्याचा १३६. मी १६३ ला सात हजारांवर यायला सांगितलं. उत्तर आलं, सात हजार, वन ट्री सिक्स. आवाज ठाम, शब्द अगदी नियमात. पण चुकीचं विमान. त्याच्या बरोबर खाली साडेसहा हजारांवर आणखी एक विमान होतं. मी लगेच त्याला थांबवलं, मग १६३ ला वेगळं सांगितलं. सगळं मिळून आठ-दहा सेकंद. विमानं उतरली, प्रवासी सामानाच्या पट्ट्यापाशी उभे राहिले, कोणाला काही कळलं नाही. अशा संध्याकाळींची कुठे बातमी येत नाही. हल्ली सारखे क्रमांक टाळायला कंपन्या आकड्यांच्या शेवटी अक्षरं जोडतात, ते उगाच नाही.

एक गंमतही सांगतो, नाहीतर सगळं जेवणाआधीच उदास होईल. शब्द कितीही बरोबर असले तरी डोळा दगा देतो. मुंबईत सांताक्रूझच्या जवळच जुहूची छोटी धावपट्टी आहे. १९३२ साली जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन, रेडिओशिवाय, तिथेच उतरले होते. पुढे १९५३ मध्ये ब्रिटिश कंपनीचं कॉमेट जेट आणि १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सचं डीसी-८, दोघंही निघाले सांताक्रूझला आणि उतरले जुहूला. कॉमेट काही दिवसांनी हलकं करून उडवून नेलं. जपानी विमान मात्र धावपट्टी संपल्यावरच थांबलं. जीव कोणाचा गेला नाही.

मुलींनी विचारलं होतं, यासाठी काय शिकावं लागतं? नियंत्रक व्हायचं तर भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बी.एस्सी. किंवा इंजिनिअरिंगची पदवी. मग विमानतळ प्राधिकरणाची परीक्षा, आवाजाची चाचणी, वैद्यकीय तपासणी आणि प्रशिक्षण. ते अलाहाबादला, हैदराबादला आणि आपल्या महाराष्ट्रात गोंदियालाही होतं. वैमानिक व्हायचं तर रेडिओवर बोलण्याचा वेगळा परवाना काढावा लागतो, त्याची तोंडी परीक्षा भल्याभल्यांना घाम फोडते. तयारी कशी करायची? घरी दोघी बसा. एकीने आकडे सांगायचे, दुसरीने परत म्हणायचे, आणि पहिलीने मुद्दाम लक्ष देऊन ऐकायचं. आठवड्यातून एकदा सांगणारीने मुद्दाम चुकवायचं. पाठ होण्याची परीक्षा नाही ती, कानाची आहे.

संयोजक मागून दोन बोटं दाखवतायत. ती दोन मिनिटं की दोन वाक्यं, ते काही मला स्पष्ट झालेलं नाही, आणि 'से अगेन' म्हटलं तर जेवण थंड होईल. ज्यांना विचारायचं आहे त्यांनी पंगतीत शेजारी बसा.